रिकामा डबा फेकू नका! सदोष वस्तूमुळे इजा झाली तर कायदा काय देतो आणि पुरावा कसा जपायचा



एरवी आपण इथे फोन, ॲप, चार्जर यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण शेवटी तो मोबाईलपाशीच येतो. विकत घेतलेल्या वस्तूमुळे कुणाला इजा झाली, कुणी दवाखान्यात गेलं, तर पुढे काय करायचं? कुणाकडे जायचं, पैसे किती लागतात, आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे आपल्या हातात पुरावा काय असतो?

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला. २०१७ च्या खरिपात मी इंजिनिअरिंगला होतो. दिवाळीच्या आसपास गावी गेलो तर पारावर एकच विषय, फवारणी. आमच्या गावातला एक दादा, वय असेल तिशीचं, दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करायचा. एका संध्याकाळी घरी आला तो उलट्या करतच. डोळ्यांना अंधुक दिसत होतं, घाम थांबत नव्हता. घरच्यांनी धावपळ करून दवाखान्यात नेलं. नशिबाने तो वाचला, पण पुढचे कित्येक महिने त्याच्याकडून जड काम झालं नाही.

नंतर कुणीतरी म्हणालं, नुकसानभरपाई मागा. कशाच्या जोरावर मागणार? कोणतं औषध मारलं ते डॉक्टरांच्या कागदावर नव्हतं, तिथे फक्त 'विषबाधा' लिहिलेलं. डबे धुऱ्यावर फेकले होते, ते कुणीतरी भंगारात दिले. बिल नव्हतं, कारण औषध मालकाने उधारीवर आणलं होतं आणि दुकानदाराने वहीत नुसता आकडा लिहिला होता. घरच्यांनी पंप धुऊन ठेवला होता. म्हणजे इजा खरी, खर्च खरा, आणि हातात कागद एकही नाही.

आज मी सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्याकडे कुणी "ॲप चालत नाही" एवढंच सांगितलं तर काहीच करता येत नाही. कोणतं व्हर्जन, कोणता फोन, काय केल्यावर बंद पडलं, हे कळलं की मग दोष सापडतो. इजेच्या तक्रारीचंही अगदी तसंच आहे. म्हणून आज क्रमाने बघू.

यवतमाळमध्ये २०१७ ला काय झालं होतं?

जुलै ते ऑक्टोबर २०१७ या काळात जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली. २० पेक्षा जास्त जणांचा जीव गेला. अनेकांवर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात उपचार झाले. सरकारने विशेष तपास पथक नेमलं आणि मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी २ लाख रुपयांची मदत जाहीर केली.

कारणं एकात एक गुंतलेली होती. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येत होता. बोंडअळीच्या भीतीने दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. दमट उकाड्यात मास्क आणि हातमोजे घालून काम करणं जमत नव्हतं, आणि बहुतेकांकडे ते नव्हतेच.

यातला एक धागा पार स्वित्झर्लंडपर्यंत गेला. वापरल्या गेलेल्या औषधांपैकी एक होतं सिंजेंटा कंपनीचं 'पोलो', ज्यात डायफेन्थियुरॉन हा घटक असतो. पब्लिक आय या स्विस संस्थेने पोलिसांच्या नोंदींच्या आधारे सांगितलं की पोलोशी संबंधित ९६ विषबाधा नोंदल्या गेल्या आणि त्यांत २ मृत्यू होते. सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळच्या ५१ कुटुंबांनी स्वित्झर्लंडमधल्या ओईसीडीच्या राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे तक्रार केली. मृत शेतकऱ्यांच्या दोन पत्नी आणि वाचलेला एक शेतकरी यांनी बाझल इथे कंपनीविरुद्ध वेगळा दिवाणी दावाही सुरू केला. कंपनीने आरोप नाकारले.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, ५१ कुटुंबं एवढ्या लांब पोचू शकली, कारण त्यांच्याबाबतीत कोणतं औषध वापरलं हे कुठे ना कुठे नोंदलेलं होतं. दुसरी, वेळ. स्विस उत्पादन जबाबदारी कायद्यात दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे. २०१७ ची घटना आणि २०२० ची तक्रार, म्हणजे अगदी काठावर. आपल्याकडची मुदत तर त्याहून कमी आहे.

आपला कायदा काय म्हणतो?

२०१७ साली ग्राहक संरक्षण कायदा १९८६ लागू होता. त्यात सदोष मालाबद्दल तक्रार करता यायची, पण 'उत्पादन जबाबदारी' असं स्वतंत्र प्रकरण नव्हतं. ते ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये आलं आणि २० जुलै २०२० पासून लागू झालं. कलम ८२ ते ८७ मध्ये ते दिलं आहे. सोप्या भाषेत सांगतो.

उत्पादक कधी जबाबदार? (कलम ८४)
- वस्तू बनवतानाच दोष राहिला असेल.
- वस्तूची रचनाच सदोष असेल.
- ठरलेल्या मापदंडाप्रमाणे वस्तू बनवलेली नसेल.
- कंपनीने दिलेल्या स्पष्ट हमीप्रमाणे वस्तू नसेल.
- इजा टाळण्यासाठी वस्तू कशी वापरायची याच्या पुरेशा सूचना नसतील, किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा नसेल.

शेवटचा मुद्दा फार कामाचा आहे. माल शुद्ध असला तरी सूचना अपुऱ्या असतील तर जबाबदारी येऊ शकते.

दुकानदार कधी जबाबदार? (कलम ८६)
त्याने वस्तूत फेरफार केला असेल, कंपनीच्या हमीपेक्षा वेगळी हमी स्वतःहून दिली असेल, कंपनीने दिलेले इशारे आणि सूचना ग्राहकापर्यंत पोचवल्या नसतील, किंवा उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर दुकानदारावर जबाबदारी येते. म्हणजे "हे दोन्ही मिसळून मारा भाऊ, काही होत नाही" असं सांगत कुणी चिठ्ठीवर प्रमाण लिहून दिलं असेल, तर ती चिठ्ठी जपून ठेवा.

'इजा' म्हणजे काय?
शारीरिक इजा, आजार, मृत्यू, त्यासोबत होणारा मानसिक त्रास आणि इतर मालमत्तेचं नुकसान. खराब निघालेल्या वस्तूची स्वतःची किंमत यात धरत नाहीत, त्यासाठी नेहमीची ग्राहक तक्रार असते.

शेतकरी 'ग्राहक' असतो का?

हो. "शेती हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही" असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी वस्तू घेतली तर तिला व्यापारी कारण मानत नाहीत, हे कायद्यातच लिहिलं आहे. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बियाण्यांच्या बाबतीत शेतकऱ्याला ग्राहक मानलं.

आता मजुराचं काय? औषध मालकाने आणलं, मारलं मजुराने. कायद्याच्या व्याख्येत खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारासुद्धा ग्राहक आहे. पण इथे एक खाच आहे, ती माहीत असलेली बरी. कलम ८७ म्हणतं की वस्तू मालकाने कामाच्या ठिकाणी वापरण्यासाठी घेतली असेल आणि कंपनीने त्या मालकाला इशारे-सूचना दिल्या असतील, तर 'इशारा अपुरा होता' या कारणावर कंपनीला जबाबदार धरता येत नाही. माल किंवा रचना सदोष असल्याचं कारण मात्र उरतंच.

याचा व्यवहारातला अर्थ काय? माहितीपत्रक मालकाच्या घरी राहतं आणि पंप मजुराच्या पाठीवर. मालक मंडळी, पत्रक वाचून दाखवणं आणि हातमोजे-मास्क देणं ही तुमची जबाबदारी समजा. आणि मजूर भावांनो, पंप भरण्याआधी डब्याचा फोटो तरी काढून घ्या. तो फोटो तुमचा हक्काचा कागद आहे.

दारूच्या नशेत वस्तू वापरली असेल तरीही इशाऱ्याच्या मुद्द्यावर कंपनी सुटू शकते, हेही त्याच कलमात आहे.

इजा झाली तर पहिल्या काही तासांत काय करायचं?

आधी माणूस, मग पुरावा. हा क्रम कधीच बदलायचा नाही.

१. काम थांबवा. माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणा.
२. औषध सांडलेले कपडे काढा, अंग साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं असेल तर स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं धुवा. मदत करणाऱ्याने स्वतःचे हात जपावेत.
३. मनाने उलटी करवू नका. दूध, ताक, लिंबू यात वेळ घालवू नका.
४. १०८ ला फोन करा. तोंडातून लाळ, खूप घाम, बाहुली बारीक होणं, अंधुक दिसणं, दम लागणं ही गंभीर लक्षणं आहेत. "झोपला की बरं वाटेल" असं म्हणू नका.
५. डबा किंवा निदान लेबलाचा फोटो सोबत न्या. डबा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून न्या.

पाचवा मुद्दा उपचारासाठी आधी लागतो आणि केससाठी नंतर. कारण सगळ्या विषांवर एकच उतारा नसतो. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या औषधांवर ॲट्रोपिन चालतं. डायफेन्थियुरॉनला तसा खास उतारा नाही, तिथे लक्षणांप्रमाणे उपचार करावे लागतात. लेबल आणि पत्रकावर विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार आणि उतारा छापलेला असतो, तो डॉक्टरांना दाखवा.

दवाखान्यात ही वाक्यं बोलायला लाजू नका: "डॉक्टरसाहेब, औषधाचं नाव केसपेपरवर लिहा." "एमएलसी नोंद झाली का?" "कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी करता येईल का?" ही तपासणी ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटाचा परिणाम दाखवते, आणि ती लवकर झाली तरच तिचा नीट उपयोग होतो.

पुरावा: मोबाईलमध्ये काय जपायचं?

- लेबल: चारही बाजूंनी फोटो. औषधाचं आणि घटकाचं नाव, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, नोंदणी क्रमांक, उत्पादकाचं नाव-पत्ता, आणि रंगाचा चौकोन.
- पत्रक: आतलं घडी घातलेलं कागदाचं पान. अक्षरं वाचता येत नसतील एवढी बारीक असतील तर शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या, म्हणजे आकार कळतो.
- बिल: पक्कं बिल मागा. बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. उधारी असली तरी बिल मिळायला हवं.
- जागा: शेत, पिकाची उंची, पंप, त्याचं नोझल, कपडे. शक्यतो त्याच दिवशी.
- नोंद: किती वाजता सुरू केलं, किती पंप मारले, काय काय मिसळलं, पहिलं लक्षण कधी दिसलं. लिहिता येत नसेल तर मोबाईलमध्ये बोलून रेकॉर्ड करा.
- खर्च: औषधांची बिलं, गाडीभाडं, बुडालेली मजुरी.

आता खास टेक्निकल टीप. फोटोच्या फाईलमध्ये तारीख, वेळ आणि लोकेशन सुरू असेल तर जागासुद्धा साठवलेली असते. याला मेटाडेटा म्हणतात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की फोटो दाबला जातो आणि ही माहिती निघून जाते. म्हणून पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फोटो फोनमध्ये तसाच ठेवा, त्यावर गोल-बाण काढू नका, क्रॉप करू नका. एक प्रत गूगल ड्राइव्हवर किंवा घरच्या दुसऱ्या फोनवर ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते वकील तयार करून देतात. पण त्यासाठी मूळ फाईल आणि शक्यतो तोच फोन जवळ हवा. फोन बदलताना एवढं लक्षात असू द्या.

उरलेलं औषध आणि डबा धुऊ नका, फेकू नका. मालात दोष असल्याचा दावा असेल आणि तपासणीशिवाय तो कळणार नसेल, तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, अशी कलम ३८ मध्ये सोय आहे. नमुनाच नसेल तर काय तपासणार? फक्त हा डबा घरात, धान्याजवळ, पोरांच्या हाताला येईल असा ठेवू नका. पिशवीत गुंडाळून, कुलूपबंद पेटीत, राहत्या घराबाहेर ठेवा.

तक्रार कुठे, किती खर्चात?

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. "१० लाख मागायचे म्हणजे मोठं कोर्ट, मोठी फी." तसं नाही. तक्रार कोणत्या आयोगात जाईल हे वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. म्हणजे ७०० रुपयांच्या बाटलीची तक्रार यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगातच होणार, आणि तीही फीशिवाय.

- कंपनी मुंबईची असो की दुकान दुसऱ्या जिल्ह्यातलं, तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते.
- मुदत २ वर्षं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका.
- ऑनलाइन तक्रारीसाठी ई-जागृती पोर्टल आहे. जानेवारी २०२५ पासून ते जुन्या ई-दाखिलच्या जागी आलं. व्हिडिओवर सुनावणीची सोय कायद्यात आहे.
- कायद्याप्रमाणे निकाल ३ महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर ५ महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हायला हवा. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, तेवढा धीर ठेवा.
- वकील सक्तीचा नाही. पण इजेच्या प्रकरणात घेतलेला बरा. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्तींना मिळकत कितीही असली तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. आपल्या जिल्ह्यातल्या कोलाम आणि गोंड बांधवांपर्यंत ही गोष्ट पोचवा.
- आधी नुसता सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

याशिवाय राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. कीटकनाशक हाताळताना झालेल्या विषबाधेने मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा. पण ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य यांच्यासाठी आहे. भूमिहीन मजुराला तिचा आधार नाही. म्हणूनच त्याच्यासाठी डब्याचा फोटो आणि केसपेपरवरचं नाव दुप्पट महत्त्वाचं.

घरातल्या वस्तूंचं काय?

नियम तेच. कुकर फुटला, चार्जरने आग लागली, फवारणीच्या पंपाची बॅटरी पेटली, तर वस्तू दुरुस्तीला किंवा बदलून घ्यायला देऊ नका. "जुना आणा, नवीन घेऊन जा" म्हणाले की पुरावा गेला. आधी फोटो, बिल, दवाखान्याचा कागद, मग बोलणी.

आणि विकत घेतानाच थोडं तपासा:
- बीआयएस केअर हे सरकारी ॲप घ्या. कुकरसारख्या वस्तूवरच्या आयएसआय चिन्हाजवळचा परवाना क्रमांक, किंवा चार्जर आणि पॉवर बँकवरचा 'आर' नंबर टाकला की खरा-खोटा कळतो.
- ऑनलाइन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आयएसआय नसलेले कुकर आपल्या साइटवर विकू दिल्याबद्दल २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या ऑनलाइन बाजारांविरुद्ध दंडाचे आणि कुकर परत घेण्याचे आदेश दिले होते.
- कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंग बघा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं समजू नका, तो फक्त सर्वात कमी विषारी.
- पत्रकावर लिहिलेलं नसेल तर दोन औषधं मिसळू नका. पीक डोक्याच्या वर गेलं असेल किंवा वारा तोंडावर येत असेल तर त्या दिवशी फवारणी राहू द्या.

शेवटी एवढंच

गावातला तो दादा आता फवारणीला जात नाही. गेल्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ जाऊ लागला. मी त्याला हातमोजे आणि मास्क नेऊन दिले, आणि एक सवय लावली. पंप भरण्याआधी डब्याचे दोन फोटो काढायचे आणि घरच्या ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून टाकायचे. अर्धं मिनिट लागतं. सुरुवातीला तो हसायचा, आता न सांगता टाकतो. ते फोटो कधी उघडायची वेळ येऊ नये हीच इच्छा. पण आली, तर दवाखान्यात पहिला प्रश्न येईल "काय मारलं होतं?", आणि या वेळी घरच्यांकडे उत्तर असेल.

तुमच्या घरात, शेजारी, ओळखीत कुणी फवारणीला जात असेल तर हंगाम सुरू व्हायच्या आधी हे त्याला वाचून दाखवा. भेटू पुढच्या लेखात. काळजी घ्या.